संत्र्यासाठी आंबा

आपल्या वाडीतलं आजवर कुणी वर्ध्याला गेलेलं नाही. मंडळाच्या अंकात काशी छापून झाली, दुबई झाली, एकदा तर सिंगापूरही झालं. वर्धा तेवढं राहिलं होतं. ते मी पाहून आलो, म्हणून लिहितो. शाळा मी सहावीत सोडली. शुद्धलेखन मास्तरांनी तपासलं आहे, तरी चुका राहिल्याच तर त्या माझ्या.

मुंबईकर नव्या पिढीला मी माहीत नसेन. मी दत्ताराम, राजापूरच्या बाजूचा, आंब्याच्या पेट्या ठोकणारा. तेराव्या वर्षी हातोडी धरली ती पुठ्ठ्याचे खोके येईपर्यंत खाली ठेवली नाही. खोके आले आणि एका हंगामात आमची पेटीची शेड बंद पडली. मग दोन वर्षं मी लोकांची कौलं शाकारली, कुंपणं बांधली आणि घरी बसून बायकोचा, म्हणजे सुमनचा, जीव खाल्ला. अशात आपल्याकडून आंबा भरून नेणाऱ्या एका ट्रकवाल्याने वर्ध्याच्या व्यापाऱ्याला माझं नाव सांगितलं. संत्र्यांसाठी लाकडी पेट्या करून हव्या होत्या. जमलं तर वर्षभराचं काम, राहणं-जेवणं त्यांचं. जमलं नाही तर परतीचं तिकीट. सुमनने माझी पिशवी माझ्याआधी भरली.

गाडीतल्या प्रवासाचं सांगत नाही. बसलो होतो आणि घाबरलो होतो, एवढंच.

सिंदी मेघे

सिंदी मेघे म्हणजे वर्धा शहराला चिकटून वाढलेली वस्ती. कुठे शहर संपलं आणि कुठे ही लागली, ते रिक्षावाल्यालाच कळतं. तिथे त्या व्यापाऱ्याचं, बबनभाऊंचं, घर आणि घराला लागून संत्र्यांचं गोदाम. माणूस गोल, हसरा आणि सदा फोनवर. घर नवं, तीन मजली. गच्चीवर हिरवळ. मी वाकून हात लावला तर प्लास्टिकची.

"पानी लागत नाई, पानं गळत नाई," बबनभाऊ म्हणाले. "गाय सोडून सारे खुश."

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. आपल्याकडे त्या दिवसांत पहाटे चादर लागते, एवढीच थंडी. तिथे सकाळी अंगणात उभा राहिलो तर मला बोलता येईना.

"कोकणे भाऊ, थंडी वाजून राह्यली का?"

"नाही, नाही."

"मंग दात काऊन वाजवून राह्यले? तबला शिकता का?"

आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या अंगावरचा स्वेटर काढून मला दिला. माझ्यासारखे दोन मावले असते त्यात. ऊन तापेपर्यंत मी तो रोज घातला, आणि ज्याने अंगावरचं काढून दिलं त्याला नाही कसं म्हणायचं, ही चिंताही त्याबरोबर घातली.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी पोह्यांवर लालभडक रस्सा ओतून देतात, त्याला तर्री म्हणतात. आपल्या पोह्यांवर ओलं खोबरं पडतं, त्यांच्यावर संकट. पण तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, अजून थोडी ओता. भात मागितला की लोक काळजीने विचारायचे, पोट बिघडलं का. गोरसपाक नावाचं खुसखुशीत बिस्किट मात्र मी सुमनसाठी आणलं. अर्धं गाडीत संपलं, त्याबद्दल अजून ऐकतो आहे.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, प्लास्टिकचे कॅरेट असताना लाकडी पेटी कशाला?

"पोरगी सासरी धाडली तरी दिवाळीले येते," बबनभाऊ म्हणाले. "कॅरेट दिल्लीले गेला का गेला. म्हनून लाकूड पाह्यजे. जाऊ दे एकदाचं."

"लाकूड कुठलं वापरायचं?"

"आंब्याचं. इकडं आमराया लई होत्या. आताही आहे कुठं कुठं. आंजी गावच्या एका पोरानं सात झाडं दाखवली. तुमी पाहून सांगा, पेटीले चालते का नाई. तुमी म्हणसान ते."

मी चहाची कपबशी खाली ठेवली.

तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आपल्याकडे हापूस मुंबईला जायला लागला, तेव्हा त्याला पेटी लागली. पेटीसाठी आधी डोंगरावरची सावरीची झाडं गेली, मग जे मऊ दिसेल ते, आणि शेवटी दगडी गडग्यांच्या कडेचे रायवळ आंबे. आंब्याला आंब्यात घालून आम्ही पाठवत होतो. आज लोणच्याची कैरी आपण बाजारातून आणतो आणि घरी येऊन तिला नावं ठेवतो. आता इथे संत्र्यासाठी आंबा. फळ बदललं होतं. झाड तेच, आणि हातोडीवालाही तोच.

"विचार कायचा करून राह्यले?" बबनभाऊ म्हणाले. "पहिले तोडा, मंग पैसा येते, मंग मानूस झाडं लावते. दुनियेचा हाच कायदा आहे. श्रीमंत मानूस पाहा, बगिचा केल्याशिवाय राहत नाई."

मी गच्चीकडे पाहिलं. आमच्याकडे या कायद्याचं पहिलं कलम पूर्ण झालं आहे, श्रीमंत व्हायचं अजून चालू आहे, हे मनात आलं. पण स्वेटर त्यांचाच अंगावर होता.

आंजी

दुसऱ्या दिवशी आंजीचा तो मुलगा मोटरसायकलवरून मला न्यायला आला. प्रवीण त्याचं नाव, तिशीतला. वांगी, मेथी, टोमॅटो पिकवतो आणि वर्ध्याच्या बाजारात स्वतः नेऊन विकतो. वाटभर सपाट रान. आपल्याकडे नजर चार पावलांवर कुठल्यातरी चढाला अडते. तिथे ती जाते ती जातेच. कापूस वेचून झालेला, हरभरा उभा, आणि माती इतकी काळी की मला आधी वाटलं, कुणी जाळलं आहे. प्रवीणच्या शेतात पाणी दिलेल्या वाफ्यात मी पाय घातला आणि त्या मातीने माझी चप्पल ठेवून घेतली. प्रवीणने ती दोन्ही हातांनी उपसली.

"सोडत नाई ते," तो म्हणाला. "आमाले तरी कुठं सोडते."

शेताच्या टोकाला सात आंबे. पूर्वी बरेच होते म्हणे. सगळे मोहरलेले, तिथे त्याला बार म्हणतात. खाली प्रवीणची आई, वच्छलाबाई, हात पुसत उभ्या. पाय धुवायला पाणी दिलं आणि मी पाय पुसायच्या आत विचारलं, "आंब्यातले जानते ते तुमीच का जी?"

मी प्रवीणकडे पाहिलं. प्रवीण आभाळाकडे पाहत होता.

"म्हणजे, आयुष्य आंब्यातच गेलं," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. पण माझं स्वतःचं आंब्याचं एकही झाड नाही, हे मी सांगितलं नाही. पेटी ठोकणाऱ्याला आंब्याचं जेवढं कळतं, तेवढं पाळणा करणाऱ्या सुताराला पोराचं कळतं.

बाईंनी मला झाडागणिक फिरवलं. हा शेंदऱ्या, हा खोबऱ्या, ह्याला बडीशेपेचा वास म्हणून हा शेप्या, आणि कडेचा सगळ्यांत थोराड तो हत्ती. "एक साल बार धरते, एक साल सारा गळून जाते. काऊन होते असं? तुमी पाहा बरं."

मी घाबरलो की सवयीचं काम करतो. पिशवीतून हातोडी काढली आणि बुंध्यावर तिच्या पाठीने ठोकलं. पेटीवाले झाड असंच बघतात. भरीव लाकूड खणखण बोलतं, पोकळ असेल तर ढब्ब आवाज येतो. बाई श्वास धरून उभ्या होत्या. डॉक्टर छातीला नळी लावतो तेव्हा नातेवाईक उभे असतात तशा.

"आवाज चांगला आहे," मी म्हणालो.

"पाह्य प्रवीण, मी म्हनत नव्हती!" बाई एवढ्या खुश झाल्या की मी सातही झाडं ठोकली. चार खणखणीत होती. तीन पोकळ, पण ते मी तेव्हा बोललो नाही.

मग तिथेच, हत्तीच्या सावलीत, जेवण. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, तिच्यावर तेलाचा तवंग, आणि दोन वर्षांचं मुरलेलं लोणचं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तिखट झालं का जी?"

"नाही, घरची आठवण आली."

"मंग अजून घ्या. आठवन राह्यलेली चांगली."

एवढं प्रेमाने कुणी वाढलं की मला परतफेड केल्याशिवाय घास उतरत नाही. आणि माझ्यापाशी द्यायला होती ती एकच गोष्ट. मी वर हत्तीकडे पाहिलं आणि म्हणालो, "बाई, तुमचं हे झाड म्हणजे सोनं. डोळे मिटून दोनशे पेट्या."

आपल्याकडे पेटीवाल्याने केलेली याहून मोठी स्तुती नाही. माझ्या सासऱ्यांनी मुलगी दाखवायच्या आधी परसातला फणस दाखवला होता; मी पेट्या सांगितल्या आणि त्यांनी चहा मागवला. पण वच्छलाबाईंचा वाढता हात थांबला.

"दोनशे पेट्या आंबे?"

"नाही, लाकडाच्या."

त्या लेकाकडे वळल्या. "काऊन रे, हा मानूस आंब्याचा हाय का आऱ्याचा?"

"मी सांगनारच होतो, आई."

"कधी? फांद्या पडल्यावर?"

प्रवीण चिडला नाही, ते मला आवडलं. त्याने जमिनीवर काडीने शेताचा चौकोन काढला आणि झाडांच्या सावलीएवढा तुकडा खोडला. "एवढ्यात वांगं येत नाई. येते ते मरतुकडं येते. ह्या लाकडाच्या पैशात ठिबक होते, आई. मंग उन्हाळाभर भाजी. गावरान आंब्याले बाजारात कोन इचारते? लोक तर ह्या काकाइकडचा हापूस मागते."

"पाह्य, म्हंजे ह्याइनंच केलं सारं," बाई म्हणाल्या, आणि मला उरलेली भाकरी वाढली. रागावलेल्या माणसाने वाढलेली भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. तीही चांगलीच होती.

"तुमाकडं बी तोडले असतीन ना?" त्यांनी विचारलं. "काय झालं मंग?"

मला भाषण येत नाही. जसं झालं तसं सांगितलं. डोंगरावरची झाडं तुटली त्या वर्षांत वाडीत डांबरी रस्ता आला, कौलं गेली, स्लॅब आले. माझ्या बहिणीचं लग्न पेट्यांवर झालं, माझी पोरगी पेट्यांवर बारावीपर्यंत गेली, मी गेलो नाही तिथे. आणि आमचा वहाळ, जो मी लहान असताना मे महिन्यातही वाहायचा, तो शिमग्याला कोरडा पडायला लागला. टँकर येतो. टँकर यायला रस्ता चांगला आहे.

"म्हंजे वाईट नाई झालं."

"नाही."

"चांगलं बी नाई झालं."

"नाही."

"मंग सांगून काय राह्यले बाप्पा तुमी?" असं म्हणून त्या हसल्या, आणि मलाही हसू आलं. "जाऊ द्या. लाकूड चांगलं हाय का नाई, ते बबनभाऊले सांगा. मंग आमी मायलेक भांडू."

पवनार

रविवारी सुट्टी होती. मला वाहतं पाणी बघायचं होतं, म्हणून बसने पवनारला गेलो. धाम नदी खडकांतून वाहते. वर आश्रम आहे, लोक तिकडे जात होते. मी खाली पाण्यात पाय सोडून बसलो, एका बाईकडून पेरू घेतले आणि सुमनला फोन लावला.

सगळं ऐकून ती म्हणाली, "हो म्हणा आणि कामाला लागा. नाहीतर नको म्हणा आणि घरी या. मधलं काहीतरी करू नका. तुम्हाला मधलंच करायची खोड."

"पण वर्षभराचं काम आहे गो."

"मग हो म्हणा."

"आणि ती बाई?"

"मग घरी या. कौलं आहेतच."

एक गोष्ट मला पहिल्यापासून माहीत होती आणि मी ती स्वतःलाही सांगत नव्हतो. आंब्याचं लाकूड ओलं कापून लगेच पेटीला मारलं तर आठवड्यात त्यावर बुरशी चढते. फळ डागाळतं. फळ्या दोन महिने छपराखाली सुकवाव्या लागतात. बबनभाऊंचा माल तर सुरू झालेला. हे बोललो तर काम जाणार. नाही बोललो तर हंगाम निघेल, संत्री पोहोचतील तशी पोहोचतील, आणि तोवर मी इथे रुळलेला असेन. मी तीन पेरू खाल्ले. चौथा खाववेना.

पुन्हा सिंदी मेघे

सोमवारी बबनभाऊंना सांगितलं. लाकूड चांगलं, पण ओलं. दोन महिने.

त्यांनी फोन खिशात ठेवला. त्यांना असं करताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"दोन महिन्यानं संत्री संपून जाते, कोकणे भाऊ. मंग तुमाले आनलं कायले मी?"

मी म्हणालो, परतीचं तिकीट मी माझं बघतो.

"बसा जी. एवढ्यात कुठं चालले? गाडी काय, रोजच जाते." मग फोन पुन्हा खिशातून काढत ते म्हणाले, "खोके बोलावतो. पुठ्ठ्याचे."

अशा रीतीने ज्याने मला घरी बसवलं, तोच पुठ्ठा आठ दिवसांनी ट्रकभरून माझ्यापुढे येऊन उतरला. बबनभाऊंनी हातोडी बाजूला ठेवायला लावली आणि चिकटपट्टीचं रीळ हातात दिलं. हंगाम संपेपर्यंत मी खोके उभे केले, तळाला पट्टी मारली, संत्री मोजून भरली. काम हलकं. आवाजच नाही. पहिले दोन दिवस मला वाटायचं, आपण काही करतच नाही आहोत.

खोक्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं. मी बबनभाऊंना विचारलं, हा पुठ्ठा कुठल्या झाडाचा?

"झाडाचा कुठं? कंपनीचा आहे."

आंजीचे सात आंबे वाचले, एवढं मला दिसत होतं. त्यांच्याऐवजी कुठे काय पडलं, ते ना मला दिसत होतं ना बबनभाऊंना. तिथेही कुणी ठोकून बघणारा गेला असेल, आणि त्यालाही कुणी जेवायला वाढलं असेल.

मार्चअखेर गोदाम रिकामं झालं. बबनभाऊंनी तिकीट काढून दिलं आणि स्वेटर परत घ्यायला नकार दिला. "आता तुमच्या मापाचा झाला आहे," म्हणाले. खरंच, तर्रीने मी थोडा भरलो होतो. निघायच्या आदल्या सकाळी प्रवीण दारात हजर.

"काका, सुकवायले दोन महिने म्हणलं होतं ना तुमी?"

"हो."

"मंग हिशोब बसते. आंबे उतरले का तोडतो, दिवाळीपर्यंत वाळून तयार. बबनभाऊ घेतो म्हनते. आई बी तयार झाली. म्हनते, पोकळ असन ते राहू दे, भरीव असन ते ने. तुमी जायच्या आंधी खुणा करून द्या."

मी खरं बोललो म्हणून झाडं वाचली, असं मी दोन महिने समजत होतो. त्याच खऱ्याचं या पोराने वेळापत्रक केलं होतं.

पुन्हा आंजी

झाडांवर बोराएवढ्या कैऱ्या लागल्या होत्या. प्रवीणच्या हातात चुन्याचा डबा. वच्छलाबाई पदर खोचून माझ्या दोन पावलं मागे. मी शेंदऱ्यापाशी गेलो आणि ठोकलं. खणखणीत.

"पोकळ," मी म्हणालो.

प्रवीणने भुवया वर केल्या, पण खूण केली नाही. खोबऱ्या पोकळच होता, तसं सांगितलं. मग हत्ती. त्याचा आवाज असा आला की वरचे पोपट उडाले.

"पोकळ."

"काका, त्या दिवशी तर दोनशे पेट्या म्हणलं होतं!"

"त्या दिवशी बार होता. कैरी धरली की आवाज उतरतो. आतलं कळतं."

"हे कोकणात शिकवते का?"

"सहावीपर्यंत शिकवतात."

वच्छलाबाईंना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. प्रवीणने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. पोरगा मूर्ख नाही. सातच्या सात पोकळ सांगितली असती तर त्याने दुसरा माणूस आणला असता, आणि तो काही जेवताना रडणारा नसता. शिवाय ठिबक त्याला हवंच होतं, आणि त्यात त्याचं चुकत नव्हतं. माझी बहीण पेट्यांवर नांदते आहे. मी कुठल्या तोंडाने सांगू?

सात झाडांत पाच पोकळ निघाली. दोन भरीव. त्या दोन्हींवर प्रवीणने चुन्याची फुली मारली, थोडी जोरात मारली, आणि म्हणाला, "चाला, अर्धं ठिबक तर झालं."

सुमन मला विचारते, ती दोन कशी निवडलीत? मी निवडली नाहीत. प्रत्येक झाडापाशी हातोडी उचलायच्या आधी मी वच्छलाबाईंकडे पाहत होतो. पाच झाडांपाशी त्या माझ्याकडे पाहत होत्या. दोन झाडांपाशी त्यांनी तोंड फिरवलं आणि वांग्यांकडे बघत राहिल्या.